मित्रकीटकवाल्यांचा सत्कार आपणच करायला पाहिजे



एकरी टनेज जास्त काढलं की कारखाना सत्कार करतो. औषध जास्त खपवलं की कंपनी दुकानदाराला सहलीला नेते. पण ज्याच्या कामामुळं फवारणीच करावी लागली नाही, त्याला हार कुणी घालायचा? आज त्यावर लिहितो.

1888 सालची गोष्ट. अमेरिकेत कॅलिफोर्नियात संत्र्या-लिंबाच्या बागा एका पांढऱ्या खवले किडीनं संपत आल्या होत्या. कीड मूळची ऑस्ट्रेलियाची. अल्बर्ट कोबेले नावाचा माणूस तिकडं गेला आणि त्या किडीला खाणारा व्हेडालिया नावाचा लाल ढालकिडा शोधून पाठवला. सुरुवातीच्या खेपांत मिळून फक्त 129 किडे. ते झाडावर सोडले, वाढवले, बागांत वाटले. थोड्याच दिवसांत बागा सावरल्या. तेव्हा बागायतदारांनी कोबेलेला सोन्याचं घड्याळ दिलं आणि त्याच्या बायकोला हिऱ्याची कर्णफुलं. ज्यांची बाग वाचली त्यांनीच बक्षीस दिलं, हे लक्षात घ्या.

दुसरं उदाहरण आफ्रिकेचं. तिथं कसावा हे गरिबाचं पोटभरीचं पीक. त्यावर दक्षिण अमेरिकेतून पिठ्या ढेकूण आला. नायजेरियातल्या संस्थेत काम करणारे हान्स हेरेन यांनी बाहेरून परजीवी गांधीलमाशी आणून सोडली. मुंगीपेक्षा बारीक. ती पिठ्याच्या अंगातच अंडी घालते. तिनं जवळपास 30 देशांत पिठ्या आटोक्यात आणला. 1995 ला हेरेन यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. पण पॅराग्वेत हा पिठ्या हुडकून काढणारे अँथनी बेलोटी दुसऱ्या संस्थेचे. शिवाय माशी तपासणारे, वाढवणारे, गावोगाव सोडणारे किती तरी हात. त्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत.

आता म्हणाल, आफ्रिकेचं आपल्याला काय? तर उपवासाचा साबुदाणा याच कसाव्याचा. 2020 मध्ये हा पिठ्या केरळात सापडला. बेंगळुरूच्या राष्ट्रीय संस्थेनं आफ्रिकेतल्या बेनिन देशातून तीच माशी आणली आणि 2022 मध्ये तामिळनाडूत सोडली. त्याआधी 2010 ला पपईच्या पिठ्यावर प्वेर्तो रिकोहून परजीवी आणले ते याच संस्थेनं. पपईवाल्यांना ते दिवस आठवत असतील. आणि 2002 नंतर उसावर लोकरी मावा आला तेव्हा डिफा आणि मायक्रोमसनं काय काम केलं ते ऊसवाल्यांना सांगायला नको. डिफाच्या अळ्या असलेली पानं कापून या फडातून त्या फडात नेली जायची. त्या कामातल्या एका तरी शास्त्रज्ञाचं नाव तुम्हाला सांगता येईल? मलाही नाही.

याचं कारण साधं आहे. औषध दरवर्षी विकता येतं. मित्रकीटक एकदा रानात बसला की फुकटात काम करतो. दुसऱ्यांदा विकायचं काही उरत नाही. म्हणून त्याची जाहिरात नाही की बोर्ड नाही. उलट कीड दिसत नाही म्हटल्यावर लोक म्हणतात, यंदा कीडच नव्हती!

यात सगळ्यात जास्त मरण पोरांचं. ट्रायकोकार्ड आपण पानाखाली टाचतो, पण त्यावरची अंडी ज्या पतंगाची असतात तो पतंग धान्यावर वाढवावा लागतो. त्याच्या पंखांची भुकटी नाकात जाऊन शिंका, खोकला लागतो. एम.एस्सी., पीएच.डी.ची पोरं हे काम वर्षानुवर्षं करतात. शेवटी नोकरी कुठं? औषध कंपनीत. पोटासाठी जावं लागतं, त्यांना दोष नाही. पण असं एक पोरगं गेलं की आपला एक जाणकार कमी होतो. उत्तर अमेरिकेत जैविक नियंत्रणवाल्यांची संघटना ज्येष्ठ शास्त्रज्ञांबरोबर विद्यार्थ्यांनाही पुरस्कार देते. ही पद्धत मला पटते.

कुणी म्हणेल, पुरस्कारानं अळी मरते का? नाही मरत. पण त्या पोराला कळतं की आपलं काम रानात पोचलं.

माझं म्हणणं एवढंच. शेतकरी कंपन्या, कारखाने, बागायतदार संघ यांनी वर्षाला एक पुरस्कार शास्त्रज्ञाला आणि एक विद्यार्थ्याला द्यावा. रक्कम छोटी चालेल. निवड करताना पेपर किती छापले ते मोजू नका. तीन गोष्टी विचारा. मित्रकीटक शेतकऱ्याच्या हातात जिवंत पोचला का? फवारण्या किती कमी झाल्या? आणि ते शेतकऱ्यानं स्वतः मोजलं का? निवड समितीत निम्मे तरी शेतकरी पाहिजेत.

तुमच्या भागात असं काम करणारं कुणी असेल तर आधी त्याला विचारून मग त्याच्या कामाबद्दल खाली लिहा. कृषी विद्यापीठातल्या मंडळींनीही मत द्यावं. पटलं नाही तर तसंही सांगा.