तक्ते मोजले, पाहिले कुणी?

शाळेत पाहणीचे फॉर्म येतात. शैक्षणिक साहित्य पुरेसे आहे का? आकर्षक आहे का? नियमित वापरता का? होय, होय, होय. मुख्याध्यापकांची सही, शाळेचा शिक्का, फॉर्म केंद्रप्रमुखांकडे रवाना. झाली पाहणी!

मैत्रिणींनो, या साहित्यातली बाई काय करते, हा प्रश्न माझ्या बावीस वर्षांच्या नोकरीत मी एकाही फॉर्मवर वाचलेला नाही. तक्ते किती, ते मोजतात. तक्त्यावर काय आहे, ते पाहत नाहीत.

स्त्रियांच्या समतेसाठी अभ्यासक्रम आणि पाठ्यपुस्तके नव्याने घडवू, असे 1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात म्हटले होते. त्यानंतर एकतीस वर्षांनी, 2017 मध्ये, आपल्या राज्यातले बारावीचे समाजशास्त्राचे पुस्तक वर्तमानपत्रांत गाजले. मुलगी कुरूप किंवा अपंग असेल तर लग्न जमत नाही, म्हणून जास्त हुंडा मागितला जातो, असे त्यात होते. हुंड्याचे 'कारण' म्हणून! म्हणजे दोष पुन्हा मुलीच्याच चेहऱ्याचा. ते शिकवताना एकाही बाईंना खुपले नसेल? खुपले असणारच. पण सांगायचे कुणाला? फॉर्म मुख्याध्यापकांच्या टेबलावरून जातो, आणि आमचा गोपनीय अहवालही तेच लिहितात. तिथे 'होय' शिवाय कोण काय लिहील?

2019 मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकातली चित्रे बदलली. आईबाबा मिळून भाजी निवडताहेत, डॉक्टर बाई आहे. चांगले झाले, आपण बायका वर्षानुवर्षे हेच मागत होतो. पण माझ्या वर्गाच्या भिंतीवर दुकानातून आणलेला 'आपले मदतनीस' हा तक्ता आहे. डॉक्टर, पोलीस, पोस्टमन सगळे पुरुष. नर्स तेवढी बाई. पुस्तक मिटून दप्तरात जाते, तक्ता दिवसभर पोरींच्या डोळ्यांसमोर. मी बोलले तर साहेब म्हणतात, "रंग तर छान आहेत, बाई!"

तेव्हा पाहणी आपणच करायची. शिक्षिकांना मुख्याध्यापकांपासून वेगळे, शाळेबाहेर भेटायचे. कागदावर नाव नको, सही नको. मुख्याध्यापकांना विचारायचे: तक्ते कोण निवडते, कुठल्या दुकानातून, कुठल्या पैशातून? शिक्षिकांना विचारायचे: शिकवताना कोणते वाक्य तुम्ही गाळून पुढे जाता? मी स्वतः अशी कितीतरी गाळते. एवढ्या एका प्रश्नाने जे कळेल, ते शंभर 'होय'नी कळणार नाही.

आमच्या गटाने असा कागद तयार केला आहे. दिवाळीच्या सुट्टीत बाई घरी असतात, तेव्हा सुरुवात करतो आहोत.