गळाला नियम हवा, बंदी नको

पुण्याच्या आसपासच्या धरणांवर सुटीच्या दिवशी गळ टाकून बसलेली माणसे आता नवलाची राहिलेली नाहीत. खडकवासला, पानशेत, मुळशी, पवना आणि खाली थेट उजनीपर्यंत हा छंद पोचला आहे. फायबरचा रॉड, रीळ, तंगूस, रबरी बेडूक, चमकते पत्र्याचे मासे असे सगळे सामान घरपोच येते आणि ते वापरायचे कसे हे दाखवणाऱ्या चित्रफितीही भरपूर आहेत. काय वापरू नये, कोणत्या महिन्यांत कोणत्या माशाच्या वाट्याला जाऊ नये आणि पकडलेला मासा सोडायचा असेल तर तो जगेल अशा रीतीने कसा सोडावा, हे मात्र या छंदिष्टाला कोणी सांगत नाही. आपल्याकडचा मासेमारीचा मूळ कायदा १८९७ सालचा. सुरुंग लावून किंवा विष कालवून मासे मारण्याला त्याने मनाई केली आणि जाळ्यांचे माप व प्रकार ठरवण्याचा अधिकार सरकारला दिला. त्या काळी धोका तिथेच होता. हौसेने गळ टाकणारा माणूस त्या कायद्याच्या नजरेत नव्हता. आज तो संख्येने वाढला आहे, म्हणून त्याला परवाना हवा आणि त्या परवान्याची सुरुवात त्याच्या हातातल्या साधनांपासून व्हावी, असे माझे म्हणणे आहे.

साधनांपासूनच का? कारण तपासायला तेवढीच गोष्ट सोपी आहे. एखाद्याने दिवसभरात किती मासे धरले, किती सोडले, हे पहारेकऱ्याला कळणार नाही. त्याच्या दोरीच्या टोकाला एक गळ आहे की तीन तोंडांचा गळ आहे, गळाला उलटा काटा आहे की नाही, हे एका नजरेत दिसते. सॅमन आणि ट्राउट या थंड पाण्यातल्या माशांच्या देशांनी हे फार पूर्वी ओळखले. तिथल्या अनेक नद्यांवर फक्त पिसांची कृत्रिम माशी वापरता येते, कुठे उलट्या काट्याविना एकच गळ चालतो, कुठे जिवंत आमिषाला मनाई असते. हे नियम खेळ अवघड करून मजा वाढवण्यासाठी आहेत असा समज होऊ शकतो, पण त्यामागचे कारण शरीरशास्त्राचे आहे. गांडुळासारखे खरे आमिष मासा गिळतो आणि गळ घशात किंवा पोटात रुततो. कृत्रिम माशी त्याला खाण्यासारखी लागत नाही, तो ती लगेच थुंकू पाहतो आणि गळ बहुधा ओठाच्या कडेला लागतो. ओठात लागलेला, उलटा काटा नसलेला गळ मासा पाण्यात ठेवूनच काढता येतो. हे शेवटचे फार महत्त्वाचे आहे. कॅनडात १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ट्राउट माशांना दमेपर्यंत पळवले गेले. त्यांतल्या ज्यांना पाण्याबाहेर काढलेच नाही, त्यांतले सुमारे १२ टक्के मेले. ज्यांना ३० सेकंद बाहेर धरले त्यांतले ३८ टक्के आणि ज्यांना ६० सेकंद धरले त्यांतले ७२ टक्के. प्रयोगशाळेतले हे आकडे नदीवर जसेच्या तसे लागू होणार नाहीत, पण दिशा स्पष्ट आहे. मासा छातीशी धरून फोटो काढायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात त्याच्या जगण्याचा निकाल लागू शकतो.

यावर एक रास्त शंका येते. ट्राउट हा काश्मीर, हिमाचल, निलगिरी, मुन्नारच्या थंड ओढ्यांत इंग्रजांनी आणून सोडलेला मासा. त्याचे नियम दख्खनच्या कोमट पाण्याला कशाला? उत्तर असे की आपले पाणी कोमट आहे म्हणूनच आपले नियम अधिक कडक हवेत. पाणी तापले की त्यात विरघळणारा प्राणवायू कमी होतो आणि दमलेल्या माशाला सावरायला अधिक वेळ लागतो. एप्रिल-मेमध्ये धरणाचे पाणी खाली गेलेले असते, मासे उरल्यासुरल्या डोहांत गोळा होतात आणि नेमके तेव्हाच काठावर गळवाल्यांची गर्दी होते. रोहू-कटल्यासाठी कणीक आणि पेंडीच्या मोठ्या गोळ्यात चार-सहा गळ लपवण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. त्यातला एखादा गळ तोंडात लागतो, बाकीचे डोळ्यात, कल्ल्यात, पोटाला. खाण्यासाठी मासा घरी न्यायचा असेल तर तो निदान वाया जात नाही. पण ‘आम्ही पकडून सोडतो’ असे म्हणणाऱ्याने असा गोळा टाकणे म्हणजे सोडण्याचा नुसता देखावा आहे.

मरळीचे उदाहरण तर याहून बोचरे आहे. आपल्या तळ्या-धरणांतला हा ताकदीचा शिकारी मासा गळवाल्यांचा विशेष लाडका, कारण पाण्यावर ओढलेल्या रबरी बेडकावर तो धडाक्याने तुटून पडतो. पावसाळ्याच्या सुमारास मरळ अंडी घालते आणि पुढे पिल्लांचा थवा पृष्ठभागाजवळ फिरतो तेव्हा आई-बाप खालून त्यांची राखण करतात. हवेतला श्वास घ्यायला वर येणाऱ्या या पिल्लांमुळे पाण्यावर बारीक बुडबुड्यांचा पुंजका दिसतो. अनुभवी गळवाला तो पुंजका हेरतो आणि त्याच्या मधोमध बेडूक टाकतो. राखण करणारी मरळ भुकेने नव्हे, तर पिल्लांवरचा हल्ला परतवायला तोंड उघडते. ती काठावर आली की इतर मासे त्या पिल्लांचा फडशा पाडायला मोकळे. नंतर ती मरळ कितीही काळजीने सोडली तरी तोवर व्हायचे ते होऊन गेलेले असते. एका मोठ्या माशामागे एक आख्खी वीण जाते. ही रीत कौशल्य म्हणून शिकवली जाते आणि तिला आडकाठी करणारा एकही नियम काठावर कोणी दाखवत नाही. इंग्लंडमध्ये १९९९ पासून १६ जूनपूर्वी धरलेला प्रत्येक सॅमन सोडून द्यावा लागतो, कारण वसंतात नदीत चढणाऱ्या माशांची संख्या घटली होती. स्कॉटलंडने २०१६ पासून नद्यांची प्रतवारी लावली आणि ज्या नदीत सॅमन कमी तिथे तो घरी नेण्यावर बंदी घातली. आपल्याला मरळीसाठी आणि महाशीरसाठी पावसाळ्यातली काही महिन्यांची बंदी घालायला कोणती अडचण आहे?

महाशीरचा विषय पुणेकरांना परका नसावा. कर्नल साइक्सने १८३९ साली शास्त्रापुढे मांडलेला दख्खनचा महाशीर, टोर खुद्री, हा याच मुळा-मुठेतला. आज शहरातल्या मुळा-मुठेत तो पोसावा अशी पाण्याची अवस्था नाही. देहू-आळंदीच्या इंद्रायणीत भाविकांनी आणि महाडजवळच्या वाळण कोंडीत गावकऱ्यांनी देवाचे मासे म्हणून त्याला जपले. अशा डोहांत गळ टाकण्याचा प्रश्नच येऊ नये, त्यांना बंदीचेच संरक्षण हवे. लोणावळ्याला वळवणच्या पाण्याकाठी टाटांच्या वीज कंपनीने सत्तरच्या दशकापासून महाशीरची कृत्रिम पैदास केली. डॉ. चं. वि. कुलकर्णींसारख्या मत्स्यशास्त्रज्ञाने त्या कामाचा पाया घातला आणि ही पिल्ले अनेक राज्यांत गेली. हेतू चांगलाच होता. पण कावेरीत सोडलेला हा निळसर परांचा दख्खनी महाशीर तिथे इतका रुजला की तिथला मूळचा, कुबड असलेला महाशीर मागे पडत गेला, आणि आज तो अतिसंकटग्रस्त आहे. मासे घटले की पिल्ले आणून सोडा, हा आपल्याकडचा ठरलेला उपाय आहे. कुठल्या नदीचे पिल्लू कुठे जाते हे न पाहता तो केला तर काय होते, याचा धडा आपल्या लोणावळ्याच्या माशानेच दिला आहे.

ही घसरण लक्षात कशी आली, हेही पाहावे. कावेरीकाठच्या गलिबोर छावणीत गळवाल्यांनी १९९८ ते २०१२ या काळात धरलेल्या आणि सोडलेल्या महाशीरांच्या नोंदी ठेवल्या होत्या. त्या सहा हजारांहून अधिक माशांच्या वह्यांतून संशोधकांनी दाखवून दिले की एक जात वाढते आहे आणि दुसरी संपत चालली आहे. दुसऱ्या कोणाकडेही ही माहिती नव्हती. परवाना म्हणजे केवळ शुल्काची पावती नसावी, असे मी म्हणतो ते यासाठी. परवानाधारकाने तारीख, जागा, जात आणि लांबी एवढे चार रकाने भरले तरी पवना किंवा मुळशीच्या पाण्यात काय चालले आहे याची आज नसलेली नोंद दहा वर्षांत उभी राहील.

सगळ्यात गंभीर आक्षेप नीतीचा आहे. खायचे नाही तर त्या जिवाला गळ लावायचाच कशाला? हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. २००३ साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी ट्राउटच्या ओठांत इजा ओळखणारे मज्जातंतू असल्याचे दाखवले, आणि सोडून देण्याच्याच हेतूने मासा धरायला स्वित्झर्लंडने कायद्याने मनाई केली. माशाला काही होत नाही, असे कोणी म्हणत असेल तर ते मला मान्य नाही. पण पूर्ण बंदीने माशाचे दुःख थांबते का, हेही पाहायला हवे. कावेरीच्या अभयारण्यातल्या गळाच्या छावण्या बंद झाल्यावर तिथले राखणदार गेले आणि सुरुंगाची मासेमारी वाढल्याची तक्रार त्या भागात सातत्याने होत राहिली. त्याच छावण्यांनी पूर्वी चोरटी मासेमारी करणाऱ्या स्थानिकांना वाटाडे आणि पहारेकरी म्हणून काम दिले होते. एका माशाच्या ओठाला झालेली इजा आणि सुरुंगाने मेलेला आख्खा डोह यांत निवड करायची असेल, तर मी पहिली पत्करीन, आणि ती इजा कमीत कमी व्हावी म्हणून साधनांचा आग्रह धरीन.

दुसरा आक्षेप पोटाचा. धरणांतली मासेमारी सहकारी संस्थांच्या ठेक्याची, तिच्यावर कोळी-भोई कुटुंबांचे घर चालते. शहरातल्या पैसेवाल्यांच्या हौसेला परवाना देऊन त्यांच्यावर नवे भागीदार का लादायचे? लादू नयेच. परवाना त्या संस्थेनेच द्यावा, शुल्काचा मोठा हिस्सा तिलाच मिळावा, होडी आणि वाटाड्या तिचाच असावा. मरळ विकून तिचे पैसे एकदाच येतात, जिवंत सोडलेली मरळ पुन्हा कोणाला तरी काठावर आणते. अमेरिकेने १९५० साली कायदा करून रॉड, रीळ, आमिषे यांच्यावरच्या कराचा पैसा मत्स्यसंवर्धनासाठी राज्यांकडे वळवला. सामानावरचा कर पाण्याकडे परत जावा, हे तत्त्व आपल्यालाही घेता येईल. शिशाच्या वजनांबाबतही बाहेरचा अनुभव आहे: हंस विषबाधेने मरतात हे दिसल्यावर ब्रिटनने १९८७ पासून बहुतेक मापांची शिशाची वजने विकायला बंदी केली. भिगवणच्या पक्ष्यांचा अभिमान बाळगणाऱ्या जिल्ह्यात शिसे आणि तुटलेला तंगूस काठावर टाकून जाणे खपवून घेऊ नये.

आणि कोणी म्हणेल, नदीच गटार झाली असताना गळाचे नियम कसले करता? उलट बाजूने पाहा. १९४८ साली इंग्लंडमध्ये गळवाल्यांनी संघटना उभारली, प्रदूषण करणाऱ्यांना कोर्टात खेचण्यासाठी. डर्बी शहराजवळच्या नदीबाबत त्यांच्या पाठबळाने एका मासेमारी क्लबाने खटला लढवला आणि १९५३ साली अपिलातही जिंकला. हरलेल्यांत एक कारखाना होता, एक वीज मंडळ होते आणि सांडपाणी नदीत सोडणारी खुद्द डर्बीची महापालिकाही होती. क्लबाला हा दावा करता आला, कारण त्या पाण्यातल्या मासेमारीवर त्याचा कायदेशीर हक्क होता. मुळा-मुठेसाठी झगडणाऱ्या पुणेकरांची निष्ठा मोठी आहे, पण त्यांच्या हाती असा हक्क नाही. परवाना असलेले काही हजार गळवाले आणि त्यांच्याबरोबर मच्छीमार संस्था उभ्या राहिल्या, तर पाण्यातल्या प्राणवायूचा प्रश्न विचारणारे, स्वतःचे काही गमावणारे पक्षकार तयार होतील.

मत्स्यव्यवसाय विभागाने आणि जलसंपदा विभागाने जिल्ह्यातले एकच धरण निवडून, तिथल्या संस्थेला बरोबर घेऊन सुरुवात करावी: उलटा काटा नसलेला एकच गळ, पावसाळ्यात मरळ-महाशीरला हात नाही, शिसे नाही, प्रत्येक माशाची नोंद. गळ टाकणाऱ्यांनी मात्र तोवर थांबायचे कारण नाही. गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाका, फोटो मासा पाण्यात असतानाच काढा, आणि येत्या पावसाळ्यात पिल्लांचा पुंजका दिसला तर बेडूक डब्यातच राहू द्या.