विश्लेषण : पॅराशूटने उतरणारे चिलखती वाहन भारताला हवे का?

पॅराशूटने शत्रूच्या पिछाडीला जवान उतरवता येतात. पण जमिनीला पाय लागताच त्यांचा वेग चालण्याइतकाच उरतो. सोबत चिलखती वाहनही आकाशातून उतरवले तर? रशियाने हा मार्ग धरला. भारतानेही तो धरावा का?

गरज का भासली?

११ डिसेंबर १९७१ रोजी आपली दुसरी पॅरा बटालियन टांगाइलजवळ उतरली. मूळची मराठा लाइट इन्फन्ट्रीतील या बटालियनने पुंगलीचा पूल ताब्यात घेऊन माघारी जाणाऱ्या पाकिस्तानी फौजेची वाट अडवली. तिच्याकडे चिलखती वाहने नव्हती. पण शत्रू माघार घेत होता आणि मुक्तिवाहिनीची साथ होती. प्रत्येक वेळी परिस्थिती इतकी अनुकूल असेल असे नाही.

रशियाने काय केले?

सोव्हिएत संघाने १९६९ मध्ये खास छत्रीधारी सैनिकांसाठी ‘बीएमडी-१’ आणली. ॲल्युमिनियम मिश्रधातूचे चिलखत असल्याने तिचे वजन जेमतेम साडेसात टन होते. वाहन एकीकडे आणि चालक दुसरीकडे उतरला तर शोधण्यातच वेळ जातो. म्हणून ५ जानेवारी १९७३ रोजी तुला शहराजवळ दोघांना आत बसवूनच वाहन खाली सोडण्यात आले. त्यातील एक हवाई सैन्याचे प्रमुख जनरल मार्गेलोव यांचा मुलगा होता.

मग त्यात खोट काय?

वजन कमी म्हणजे चिलखत पातळ. अफगाणिस्तानात सुरुंगांपुढे बीएमडी टिकेना, तेव्हा याच सैनिकांना अधिक जड ‘बीएमपी-२’ देण्यात आली. २०२२ मध्ये कीव्हजवळच्या होस्तोमेल विमानतळावर रशियन छत्रीधारी हेलिकॉप्टरने उतरले. जड वाहने घेऊन येणारी विमाने तिथे उतरूच शकली नाहीत. थोडक्यात, वाहन कसेही बनवा, आकाश आपल्या ताब्यात नसेल तर ते पोहोचत नाही.

भारताकडे काय आहे?

आपल्या लष्कराचे मुख्य वाहन बीएमपी-२, म्हणजेच ‘सारथ’. वजन सुमारे १४ टन. कळंबोलीच्या स्टील मार्केटमधून निघणाऱ्या दोन ॲक्सलच्या ट्रकला मालासह १८.५ टनांची मुभा असते. त्यावरून अंदाज यावा. इतके वजन पॅराशूटने उतरवण्यासाठी ‘डीआरडीओ’च्या आग्रा येथील प्रयोगशाळेने आयएल-७६ विमानाकरिता ‘पी-१६’ प्रणाली विकसित केली. मात्र ही विमाने १९८५ पासून सेवेत आहेत. नव्या सी-१७ विमानांची संख्या ११ आहे.

खरा अनुभव काय सांगतो?

गलवाननंतर हवाई दलाने ६८ हजारांहून अधिक जवान, सुमारे ९० रणगाडे आणि जवळपास ३३० बीएमपी पूर्व लडाखच्या आघाडीसाठी विमानाने नेल्या. त्या पॅराशूटने सोडल्या नाहीत, धावपट्टीवर उतरवल्या. आपली निकड आहे ती हीच : हिमालयात काही दिवसांत फौज उभी करण्याची.

पुढे काय करावे?

केवळ छत्रीधारी सैनिकांसाठी वेगळे, पातळ चिलखताचे वाहन बनवणे परवडणारे नाही. ना तिजोरीला, ना आत बसणाऱ्या जवानांना. पण बीएमपीच्या जागी येणाऱ्या नव्या वाहनाचा प्रकल्प दशकाहून अधिक काळ रेंगाळला आहे. २०२१ मध्ये सुमारे १,७५० वाहनांसाठी पुन्हा माहिती मागवली गेली. त्याचे वजन किती असावे आणि एका विमानात किती वाहने मावावीत, हे आराखड्याआधीच ठरले पाहिजे. वाहन संशोधन करणारी ‘व्हीआरडीई’ आणि मेकॅनाइज्ड इन्फन्ट्रीचे केंद्र, दोन्ही अहिल्यानगरमध्ये आहेत. बनवणारे आणि वापरणारे एकाच शहरात असताना हवाई दलालाही पहिल्या दिवसापासून त्या टेबलावर बसवायला हवे. वाहन तयार झाल्यावर ते विमानात मावत नाही असे कळले, तर त्याची किंमत सीमेवरचा जवान मोजेल.