म्हाताऱ्यांच्या न्याहारीचे बघा



खोडव्याला खत कमी पडले की टनेज घसरते, हे आपणास सांगायला नको. मग घरातल्या वडीलधाऱ्यांची न्याहारी चहा-बटरावर का भागवायची? अंडी पोरांना, नाहीतर बाजाराला, ही रीत आता मोडली पाहिजे.

वय वाढते तसे स्नायू झडतात. जेवणातली साखर साठवणारे आणि खपवणारे मोठे कोठार म्हणजे हे स्नायूच. ते आटले की रक्तातली साखर चढायला वाव मिळतो, पायातले बळ जाते. शिवाय उतारवयात स्नायू टिकवायला एका वेळी तरुणापेक्षा जास्त प्रथिन लागते. एका अंड्यात ते सुमारे ६ ग्रॅम असते. दोन उकडलेली अंडी, भाकरी आणि वाटीभर दही घेतले की २० ग्रॅमच्या आसपास जाते. पोटही लवकर रिकामे होत नाही.

बलकाची भीती काहीजण घालतात. अमेरिकेच्या २०१५-२० च्या आहार-शिफारशींतून कोलेस्टेरॉलची रोजची ३०० मिलिग्रॅमची मर्यादा गाळली गेली. पण म्हणून वाट्टेल तेवढी खावीत असे नव्हे. मधुमेह, हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. माळकऱ्यांनी दूध, मटकीची उसळ, शेंगदाणे घ्यावेत. आणि रोज चालणे हवेच; नुसत्या खाण्याने अंगात बळ येत नाही.

दुभत्या म्हशीला पेंड मोजून घालणारे आपण. आई-वडिलांच्या ताटातही तेवढ्याच काळजीने बघू या.