डीजेच्या ठोक्यामागची माणसे

चिखली-मेहकरकडे वरातीत डीजे लागला की पोरे नाचतात, म्हातारी कानावर हात ठेवतात. पण हा एकसारखा ठोका आला कोठून?

अमेरिकेत शिकागो शहरी १९७७ साली ‘वेअरहाऊस’ क्लब सुरू झाला. तेथे फ्रँकी नकल्स हा कृष्णवर्णीय डीजे तबकड्या लावी. नाचायला येणारे बहुतेक काळे, समलैंगिक तरुण. बाहेर त्यांना कोण विचारतो? या क्लबवरूनच ‘हाऊस’ संगीत हे नाव पडले, असे मानतात.

इकडे मुंबईत चरणजित सिंग सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवीत. अशा वादकांची नावे पडद्यावर क्वचितच येत. त्यांच्या हाती रोलँड कंपनीचे टीबी-३०३ हे जपानी यंत्र आले. बास गिटारवाल्याची जागा घ्यावी म्हणून काढलेले हे यंत्र बाजारात चालले नाही. सिंगांनी मात्र त्यावर भैरव, यमन, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठोक्यात बसविले. १९८२ साली तबकडी निघाली. कोणी फारशी घेतली नाही.

तेच यंत्र शिकागोतील ‘फ्यूचर’ या गटाच्या पोरांनी जुन्या बाजारातून घेतले आणि १९८७ साली ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ काढले. त्यातून ‘अ‍ॅसिड हाऊस’ जन्मले. त्यांनी सिंगांची तबकडी ऐकल्याचा पुरावा नाही. तेव्हा ‘हाऊस आमचेच’ अशी फुशारकी नको. पण पाच वर्षे आधी मुंबईत तोच आवाज निघाला होता, हे खरे.

२०१० साली एका डच संग्राहकाने ती तबकडी पुन्हा काढली. सत्तरी ओलांडलेल्या सिंगांनी मग युरोपात जाऊन तेच राग वाजविले. २०१५ साली मुंबईत ते वारले.