विचारणारे कोणीतरी

नवी मुंबईत हल्ली सकाळी पाम बीच रस्त्याच्या कडेने किंवा नेरुळच्या तलावाभोवती फिरायला येणाऱ्यांच्या तोंडी एक नवा शब्द ऐकू येतो, ‘माझा कोच’. क्रिकेटचा नव्हे, प्रकृतीचा! महिन्याचे पैसे घेऊन हा कोच (पुष्कळदा ती एखादी बाईच असते) तुमचे वजन, पावले, झोप आणि ताटातल्या पोळ्या यांचा हिशेब रोज मोबाईलवर मागवतो. घरातल्या वडीलधाऱ्यांना याची गंमत वाटते. ‘कमी जेवा आणि चाला, एवढे सांगायला पैसे कशाला मोजायचे?’ असे ते म्हणतात. प्रश्न रास्त आहे. पण कोचला पैसे मिळतात ते विचारण्याचे.

सांगणाऱ्यांची वानवा महाराष्ट्रात कधीच नव्हती. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांच्या प्रचारासाठी आयुष्य वेचले. आपल्या काळात ऋजुता दिवेकर यांनी २००९ च्या पुस्तकात दर दोन तासांनी थोडे थोडे खायला सांगितले, तर डॉ. श्रीकांत जिचकार यांचा विचार पुढे नेणारे डॉ. जगन्नाथ दीक्षित दिवसातून दोनदाच, तेही ५५ मिनिटांच्या आत जेवून उठायला सांगतात. एकाच इमारतीत दोन्ही पंथांची माणसे भेटतात आणि दोघेही पट्टा एक भोक आत गेल्याचे कौतुकाने दाखवतात. इतक्या उलट सल्ल्यांनी दोन्हीकडे गुण येत असेल, तर त्याचे थोडे श्रेय सल्ल्याच्या बाहेर शोधावे लागेल.

बँकेत आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याला अशा वेळी पिग्मी आठवते. उडुपीच्या बँकेने, म्हणजे पुढच्या सिंडिकेट बँकेने (२०२० मध्ये ती कॅनरा बँकेत विलीन झाली), १९२८ साली ही योजना काढली. एजंटाने रोज दारी जायचे आणि अगदी दोन आणेसुद्धा गोळा करून आणायचे. बचत करावी हे भाजीवालीला का ठाऊक नव्हते? पण संध्याकाळी एजंट पाटीपाशी येऊन उभा राही, म्हणून पैसे बाजूला पडत. त्याला चुकवून मागच्या दाराने सटकणारे दुकानदारही मी पाहिले आहेत. दुसऱ्या दिवशी तेच दोन दिवसांचे पैसे मुकाट्याने देत.

मात्र पिग्मी एजंटाच्या पाठीशी बँक उभी असे. कोचच्या पाठीशी कोण आहे? २०२१ च्या कायद्याने आहारतज्ज्ञांना संलग्न आरोग्य व्यवसायांत स्थान दिले. ‘वेलनेस कोच’ अशी पाटी लावायला मात्र कसलीही पदवी लागत नाही. शिवाय कित्येक जण सल्ल्याबरोबर पावडरीचे डबेही विकतात. तुमच्या पोटाची काळजी आणि त्यांचे कमिशन एकाच वहीत लिहिले जाते, हे मला रुचत नाही.

याहून गंभीर गोष्ट आहे ती ‘महिन्याभरात तुमच्या साखरेच्या गोळ्या सोडवतो’ या बोलण्याची. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या काही गोळ्या चालू असताना मात्रा न बदलता जेवण तोडले, तर रक्तातली साखर एकदम खाली येते. घाम फुटतो, हातपाय थरथरतात, माणूस बेशुद्धही पडतो. गोळी कमी करायची की नाही हे डॉक्टरने, रक्त तपासून ठरवायचे. असले आश्वासन देणाऱ्या कोचला पहिल्याच दिवशी नमस्कार करावा.

एरवी ज्यांना परवडते त्यांनी कोच जरूर ठेवावा. मुले पुण्याला नाहीतर परदेशी, वाशी-खारघरच्या फ्लॅटात दोघेच म्हातारे. त्यांना विचारणार कोण? आणि घरातल्याने विचारले की ते टोचते. सुनेने ‘बाबा, आज चाललात का?’ म्हटले की टोमणा वाटतो. तोच प्रश्न परक्याने केला की आपण पावलांचा आकडा अभिमानाने सांगतो!

न परवडणाऱ्यांसाठी आमच्या सोसायटीतल्या चार बायकांचा मार्ग आहे. त्यांनी एक शंभर पानी वही घातली आहे. रोज सहा वाजता फाटकापाशी सही करायची आणि निघायचे. जिची सही नाही, तिच्या घरची बेल वाजते. नवरा झोपलेला असला तरी.