सातव्या महिन्याचं गणित

"सातमाशी जगतं, आठमाशी नाही" हे आपल्या आज्यांचं जुनं स्टॅटिस्टिक्स! डॉक्टर सांगतात ते उलटं : ३७ आठवड्यांच्या आत जन्मलेलं बाळ अपुऱ्या दिवसांचं, आणि पोटात काढलेला प्रत्येक जास्तीचा आठवडा त्याच्या फायद्याचा. २०२० साली जगात अशी सुमारे १ कोटी ३४ लाख बाळं जन्मली, त्यातली जवळपास ३० लाख भारतात.

मित्रांनो, मेडिकलचा विषय आपल्या मासिकात कशाला? कारण "मशीन लर्निंगने अकाली प्रसूतीचं भाकीत" असले प्रोजेक्ट आता आपल्याकडेही व्हायला लागलेत, आणि ॲक्युरसी बघितली की छाती दडपते.

नेटवर फुकट मिळणारा एक डेटा स्लोव्हेनियातल्या ल्युब्लियानाच्या हॉस्पिटलचा आहे. पोटावर इलेक्ट्रोड लावून गर्भाशयाचे सिग्नल घेतलेले. रेकॉर्ड ३००, वेळेवरच्या प्रसूती २६२, आधीच्या ३८. आता डोळे मिटून प्रत्येकीला "सगळं वेळेवर होईल" म्हणणारं मॉडेलही ८७ टक्के बरोबर येतं. फक्त त्या ३८ जणींपैकी एकही त्याला सापडत नाही! त्यावरची युक्ती म्हणजे ३८ कमी पडतात म्हणून त्यांच्यासारखे कृत्रिम नमुने बनवायचे आणि मग ट्रेनिंग-टेस्टिंगची वाटणी करायची. म्हणजे पेपर आधीच फुटला की हो. बेल्जियमच्या संशोधकांनी २०२१ साली हे उघड केलं. वाटणी आधी केल्यावर ते देखणे आकडे धाडकन खाली आले.

मग चांगलं काम कसं असतं? गुरुग्रामच्या सिव्हिल हॉस्पिटलात २०१५ पासून 'गर्भिणी' अभ्यासात आठ हजारांहून जास्त गर्भवतींची नोंद ठेवली गेली. त्यातून आयआयटी मद्रास आणि फरीदाबादच्या संस्थेने सोनोग्राफीवरून गर्भाचं वय काढायचं भारतीय सूत्र बसवलं, २०२४ मध्ये. शेवटच्या सहा महिन्यांत परदेशी सूत्रापेक्षा चूक साधारण तिपटीने कमी. गर्भाचं वयच चुकलं तर ३७ आठवड्यांची रेघ मारणार कुठे?

आता आपल्या दाराशी या. चाकणच्या लाइनवर उभ्या राहणाऱ्या कितीतरी मुली मराठवाडा-विदर्भातून आलेल्या, खराबवाडी-महाळुंगेत भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या. तपासणीची फाइल इथे, आणि पहिलं बाळंतपण माहेरी! सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं की ती गावी जाते. बाळ कधी झालं, किती वजनाचं झालं, हे इथल्या फाइलला कळतच नाही. डेटाचं उत्तरच गायब, मग मॉडेल शिकणार काय? माता-बाल संरक्षण कार्डावरून ही दोन टोकं जोडणं हा प्रोजेक्ट दिसायला साधा आहे, पण मला तो कुठल्याही न्यूरल नेटवर्कपेक्षा मोठा वाटतो.

आणि धोका कळल्यावर पुढे काय? विसाव्या आठवड्याच्या आसपास सोनोग्राफीत गर्भाशयमुखाची लांबी २५ मिलिमीटरपेक्षा कमी दिसली तर प्रोजेस्टेरॉन देता येतं. प्रसूती लवकर होणारच असं दिसलं तर बाळाच्या फुप्फुसांसाठी आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात. झोपून राहणं हा काही इलाज नव्हे. पण तासन्तास उभं राहणं आणि रात्रपाळी यांचा थोडा का होईना संबंध अभ्यासांत दिसलेला आहे. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात तरतूद होती, नव्या संहितेतही आहे, की बाईने मागितलं तर तिला दगदगीचं, उभ्याचं काम देता येत नाही. पण कधीपासून? साधारण तिसाव्या आठवड्यापासून! धोका विसाव्याला कळला तर मधले दहा आठवडे तिने सुपरवायझरच्या मेहरबानीवर काढायचे का?

त्यात ती काँट्रॅक्टवर असेल तर मागणार तरी कशी? उद्यापासून येऊ नको म्हणाले तर? म्हणून हे भाकीत डॉक्टर आणि त्या बाईपुरतंच राहिलं पाहिजे, एचआरच्या कॉम्प्युटरवर नाही. आणि ते बनवणाऱ्या पोरांनी एकदा तरी लाइनवर आठ तास उभं राहून बघावं. स्टूल न घेता.